मातीच्या घरात गेरूचा लाल: कामाच्या नोंदी

२० एप्रिल

घर वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यातलं. बैठक आणि माजघर पांढऱ्या मातीचं, भिंती जाड, वर कवेलू (कौलं). मागची खोली नंतर बांधलेली, विटांची, तिला सिमेंटची छपाई (गिलावा). तिन्ही खोल्यांना आतून भाजक्या विटेचा लाल द्यायचा आहे. रंगाच्या दुकानातल्या कार्डावर या जातीच्या बऱ्याच छटा आहेत, पण आम्ही गेरूच वापरणार आहोत.

कारण बैठकीच्या भिंतीच सांगतात. काही वर्षांपूर्वी त्यांना प्लास्टिक पेंट मारला होता. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते. पेंटने ती वाट बंद केली, ओल मागे साचली, आणि पोपडे निघताना सोबत मातीचा थरही घेऊन आले. खालचा हातभर भाग तर पार पोकळ झालाय, बोटाने ठोकलं की कळतं. हे पाहिल्यावर मातीच्या भिंतीला प्लास्टिक पेंट लावू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

२३ एप्रिल

खरवडण्याचं काम सुरू. सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ इथेच जाणार. पेंट जिथे सुटलाय तिथे पत्र्याच्या उलथण्याने निघतो, जिथे धरून बसलाय तिथे माती उखडते. गावातल्या दोघी बाया मदतीला आहेत. त्यांनी सुचवलं म्हणून भिंतीवर ओलं पोतं अर्धा तास टेकवून मग खरवडलं, तर पेंट लांब पट्ट्यांनी सुटला आणि धूळही कमी उडाली. भिंत भिजू द्यायची नाही, नुसती दमट करायची. नाका-तोंडाला फडकं बांधाच.

मागच्या खोलीत साधा पांढरा डिस्टेंपर होता, तो ओल्या फडक्यानेच धुऊन निघाला.

२६ एप्रिल

भेगा. घराखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यासोबत भिंत हलते. आत्ता भेगा सगळ्यांत रुंद आहेत. मी सिमेंट आणायला सांगणार होते, पण गवंडीकाका भिंत बघायला आले नि म्हणाले, "भेगीत सिमेट नोको भरू बाई, पावसायात फेकून देते थे." बरोबर आहे. सिमेंट कडक, माती मऊ. भेग मिटायला लागली की सिमेंटचा तुकडा तरी बाहेर पडतो, नाहीतर शेजारची माती तरी फोडतो.

मग चाळलेली पांढरी माती, बारीक गव्हांडा (गव्हाचा भुसा), शेण आणि थोडा चुना असं कालवून, रात्रभर मुरवून भरलं. खालचा पोकळ भाग पाडून त्याच लगद्याने दोन थरांत लिंपला. पहिला थर पूर्ण वाळून त्याला बारीक चिरा पडल्यावरच दुसरा.

२९ एप्रिल

गेरू आणला. दोन दुकानांतून घेतला, एका ठिकाणी ढेकळं, दुसरीकडे पुडी. पुडीचा रंग जास्त तेजदार म्हणून ती घ्यावीशी वाटत होती. आधी परीक्षा घेतली. दोन्ही काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून रात्रभर ठेवले. ढेकळाचा गेरू तळाशी बसला, वरचं पाणी निवळ. पुडीच्या ग्लासात तळाशी थोडी माती आणि वरचं पाणी गुलाबी. म्हणजे त्यात रंग मिसळलेला. असला रंग चुन्यात मरतो. थोडा चुन्यात कालवून फळीवर लावला, तो दुसऱ्या दिवशी फिका राखाडी दिसत होता. खरा गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या जातीची माती. तिला चुना काही करत नाही, ऊनही काही करत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यावर लावलेला गेरूचा लाल आजही दिसतो तो याचमुळे.

पुडी परत केली. पैसे मिळाले नाहीत, बदल्यात पिवडी (पिवळी माती) घेतली. ती कामी आली, पुढे लिहिते.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण शेजारच्या काकूंनी सुचवली होती: लाल खुलावा म्हणून गेरूत शेंदूर घालू नका. पारंपरिक शेंदूर शिशाचा असतो, विषारी. घरात लहान मुलं भिंतीला हात लावून तोंडात घालतात.

२ मे

चुना विझवला. आमच्याकडे संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावायला कळीचा चुना असतोच, त्यामुळे विझवण्याची सवय आहे. तरी नवख्यांसाठी: लोखंडी टाकी घ्या, प्लास्टिकची नको, कारण पाणी उकळतं. आधी पाणी, मग त्यात चुना थोडा थोडा, उलट करायचं नाही. डोळ्यांना चष्मा. विझल्यावर वर चार बोटं पाणी राहील असं झाकून ठेवला. जितका जुना होईल तितका चुना गुळगुळीत होतो. जुने लोक महिनोन् महिने खड्ड्यात मुरवत. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता.

७ मे

पहिला हात वाया गेला.

विझलेला चुना पाच पट पाण्यात पातळ करून, फडक्याने गाळून, त्यात भिजवलेला गेरू घातला. बादलीत सुरेख विटकरी दिसत होता. भिंतीवर ओला असताना त्याहून गडद. दुपारपर्यंत वाळला आणि बैठक फिकी गुलाबी झाली. चुन्याचा स्वतःचा पांढरेपणा वाळल्यावरच वर येतो, ओल्या रंगावरून काहीच अंदाज बांधता येत नाही.

मग गेरू वाढवून एका कोपऱ्यात पुन्हा लावला. रंग गडद आला, पण हात फिरवला की तळवा लाल. चुन्यात वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त रंग घातला तर चुना त्याला धरून ठेवू शकत नाही. शिवाय उन्हाची वेळ. चुन्याला दगडासारखं व्हायला हवेतला वायू लागतो आणि थोडी ओलही लागते. मे महिन्यात विदर्भातल्या कोरड्या हवेत पाणी अर्ध्या तासात उडून जातं, चुना पावडर होऊन बसतो.

आई (सासूबाई) संध्याकाळी दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "चुन्यात कालवलं तं गुलाबीच होईन वो. आमी आंधी चुना मारत होतो, मंग त्याच्यावर गेरू येगळा."

सगळ्या कामाची किल्ली या वाक्यात होती. चुना हा तळ, गेरू हा वरचा रंग, दोघांना एका बादलीत आणायचं नाही. ज्यांना फिकट, उडाल्यासारखी गुलाबी माती हवी आहे त्यांनी खुशाल एकत्र करावं, तीही छटा वाईट नाही. लाल हवा असेल तर हा रस्ता नाही.

९ मे

बैठकीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात. या वेळी पहाटे. आधी भिंतीवर पाण्याचा बारीक फवारा (फवारणीचा पंप नीट धुऊन, औषधाचा वास राहिलेला पंप घेऊ नये), मग पातळ हात, दार-खिडक्या बंद, संध्याकाळी पुन्हा फवारा. दुसऱ्या दिवशी तळवा कोरडा निघाला. तीच भिंत, तोच चुना, फरक फक्त वेळेचा आणि ओलीचा.

१२ मे

आता लाल कुठे आणि किती, हा प्रश्न. उत्तर कागदावर मिळत नाही. हातभर लांबी-रुंदीचे चौकोन प्रत्येक भिंतीवर लावून सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहिले.

जे दिसलं ते असं. खिडकी ज्या भिंतीत आहे, त्या भिंतीवरचा लाल काळपट दिसतो, कारण डोळा खिडकीच्या उजेडाने दिपलेला असतो. तोच लाल खिडकीच्या समोरच्या भिंतीवर उजळतो. लालाला लागून असलेली पांढरी भिंत दुपारी हलकी गुलाबी होते, उजेड लालावरून उडून तिथे पडतो. आम्हाला ते आवडलं. ज्यांना नको असेल त्यांनी शेजारच्या भिंतीला चुन्यात किंचित पिवडी घालावी.

चारही भिंती वरपर्यंत लाल केल्या तर आमच्या एका खिडकीच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागला असता. म्हणून ठरवलं: खिडकीसमोरची एक भिंत पूर्ण लाल, उरलेल्या तीन भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत पट्टा, वर पांढरा चुना, छताखालच्या वाशांना रंग नाही. खाली लाल पट्टा ठेवण्याची गावाकडची जुनी रीत किती विचाराची आहे ते वावरताना कळतं. केर, शिंतोडे, टेकलेली पाठ, मुलांचे हात, सगळं त्या उंचीखालीच असतं.

बाहेरच्या भिंती पांढऱ्याच राहणार. पश्चिमेची भिंत लाल केली तर ऊन शोषून रात्रभर खोलीत सोडेल. आतल्या लालाला ऊन लागत नाही, त्याने खोली तापत नाही.

१४ मे

बैठकीचा लाल. प्रमाण असं बसलं:

एक किलो गेरू रात्रभर पाण्यात भिजवून, पाट्यावर वाटून, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला. गाळल्यावर खाली राहिलेली रेती फेकली, ती राहिली तर ब्रशच्या मागे ओरखडे उठतात. शंभर ग्रॅम बाभळीचा डिंक वेगळा भिजवला. धावड्याचा डिंकही चालेल, पण तो लाडवांचा, महाग, भिंतीवर वाया. दोन्ही एकत्र करून पातळ वरणाइतपत केलं. रंग थोडा थंड, जांभळट वाटत होता, म्हणून पिवडी मूठभर. त्याने लगेच ऊब आली. पिवडी आणि गेरू मूळच्या एकाच कुळातल्या. पिवडी तव्यावर भाजली तर ती स्वतःच लाल होते, हे आम्ही चमचाभर भाजून पाहिलं. विटा आणि कवेलू भट्टीत लाल होतात तेही यामुळेच.

डिंक कमी पडला तर तळव्याला रंग लागतो, जास्त झाला तर भिंत चकाकते आणि वाळल्यावर खवले उचलले जातात. फळीवर लावून, वाळवून, घासून पाहिल्याशिवाय भिंतीला लावू नका.

पट्ट्याची रेघ सरळ यावी म्हणून दोरी गेरूत बुडवून दोघांनी ताणली आणि फटका मारला. ब्रश आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी फिरवला. रोलरने हा रंग लागत नाही, थेंब गळतात. दोन हात पुरले. मध्येच थांबू नका, एक भिंत एका बैठकीत संपवा, नाहीतर वाळलेल्या आणि ओल्या भागाचा सांधा कायमचा दिसतो. आमच्या उत्तरेच्या भिंतीवर तो आहे, जेवणासाठी थांबलो त्या जागी.

१८ मे

मागची सिमेंटची खोली. इथे डिंकाचा गेरू धरला नाही, दुसऱ्या दिवशी नखाने निघाला. मातीची आणि चुन्याची भिंत रंग शोषते, घोटलेली सिमेंटची छपाई शोषत नाही.

मग दुधाचा रंग केला. साय काढलेलं दूध विरजून, बांधून चक्का काढला. पाच वाट्या चक्का, एक वाटी घट्ट विझलेला चुना. घोटताना आधी गाठी होतात, मग एकदम सगळं सैल, चिकट, तार धरणारं होतं. दुधातलं सत्त्व आणि चुना मिळून पक्का सरस तयार होतो, वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. त्यात गाळलेला गेरू आणि थोडं पाणी. चुना थोडाच असल्याने रंग गुलाबी पडत नाही. केलेला रंग त्याच दिवशी संपवायचा, रात्री तो घट्ट होतो आणि वास मारतो.

त्याआधी छपाई जाड पॉलिश पेपरने घासून खरखरीत केली आणि ओल्या फडक्याने पुसली. पातळ तीन हात. जाड लावलेला एक भाग तडकला, तो घासून पुन्हा केला. खोलीत आंबट वास बरेच दिवस राहिला, दारं उघडी ठेवल्यावर गेला. या भिंतीवर ओलं फडकं फिरवता येतं. मला हा तिन्हींमध्ये सर्वांत पक्का वाटतो.

म्हणून बैठकीतल्या बाजेमागच्या भिंतीवरही, जिथे लोक पाठ टेकतात, डिंकाच्या रंगावरून हाच एक पातळ हात दिला. सदऱ्याला गेरू लागणं थांबलं.

२३ मे

माजघराची चौकट आणि जुने सागवानी खांब. जवसाचं तेल आणि गेरू. घाणीवरचं खाण्याचं तेल आधी वापरलं, आठवडा होत आला तरी चिकटच, वर धूळ बसली. ते टर्पेंटाइनने पुसून काढलं आणि रंगाच्या दुकानातून डबल बॉईल्ड जवसाचं तेल आणलं. ते दोन दिवसांत वाळलं. गेरू अगदी कमी, लाकडाच्या रेषा दिसत राहतील इतकाच.

हे नीट वाचा: जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, चुरगळलेल्या चिंध्यांत ती उष्णता अडकते आणि आपोआप पेट घेऊ शकते. आमच्याकडे शेजारी कापसाच्या पऱ्हाटीचा ढीग असतो, वर मे महिना. चिंध्या पाण्यात बुडवून, मग उघड्यावर एकेक पसरून वाळवल्या.

२८ मे

सजावट. लाल भिंतीवर काय शोभतं यावर घरात बराच विचार झाला. छापील चित्रांच्या चकचकीत चौकटी टांगून पाहिल्या, काच चमकते आणि मातीचा रंग मागे मरतो. काढून टाकल्या. सेवाग्रामला बापू कुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीच्या भिंतीवरच ताड आणि चरखा उठवलेला आहे. ते पाहिलेलं मनात होतं. आईंनी पूर्ण लाल भिंतीच्या कडेला पांढऱ्या मातीच्या लगद्याने कपाशीचं झाड उठवलं, बोंडांना चुना. तो उठाव लालवर फार सुंदर दिसतो, विशेषतः संध्याकाळी उजेड बाजूने येतो तेव्हा. देवळ्या आतून पांढऱ्या ठेवल्या, त्यात पितळी समई आणि तांब्या. पितळ, तांबं, बांबू, जाडंभरडं सुती कापड, हे सगळं या रंगाजवळ बसतं. निळं प्लास्टिक बसत नाही, खुर्च्या ओसरीत नेल्या.

दिव्याचं महत्त्व मला आधी माहीत नव्हतं. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली हाच लाल मळकट तपकिरी दिसतो. ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावल्यावर भिंत दिवसासारखी झाली. रंग बदलायच्या आधी दिवा बदलून पाहा, स्वस्त आहे.

४ जून

खर्च, गोळाबेरीज: गेरू ६० रुपये किलोने सुमारे ७००, चुना ४००, डिंक ३५०, वाया गेलेलं आणि चाललेलं धरून जवसाचं तेल ८००, ब्रश-पॉलिश पेपर-चष्मा-हातमोजे ६००, दिवे ४५०, खरवडण्याची मजुरी ३,०००. सहा हजारांच्या थोडं वर. दूध घरचं, म्हणून धरलेलं नाही. खर्चाचा अर्धा भाग जुना पेंट काढण्यात गेला. ज्यांच्या भिंतीवर आधी फक्त चुना किंवा सारवण आहे त्यांचं काम निम्म्यात होईल.

१७ ऑगस्ट

पावसाळ्याचा हिशेब.

भेगांतला मातीचा लगदा टिकला, दोन ठिकाणी केसाएवढी चीर. गवंडीकाकांना दाखवलं.

बैठकीच्या खालच्या वीतभर भागात लोणा फुटला, पांढरी बुरशी वाटावी अशी खाराची पावडर. पांढऱ्या भिंतीवर तो दिसत नाही, लालवर लांबून दिसतो. लाल लावणाऱ्यांनी याची तयारी ठेवावी. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, खार विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून बाहेर फेकायचा. मूळ कारण भिंतीबाहेर सापडलं: कवेलूचं पाणी नेमकं पायथ्याशी पडत होतं. तिथे फरशीचे तुकडे उतरते बसवून पाणी लांब काढलं.

खरी बुरशी कपाटामागे आली. डिंक म्हणजे तिला अन्नच, आणि तिथे हवा नव्हती. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

मागच्या खोलीतल्या दुधाच्या रंगाला काहीही झालेलं नाही.

पोळ्याला बैलांना लावायला याच गेरूतला थोडा बाजूला काढून ठेवला आहे.

२५ ऑक्टोबर

भिंती पूर्ण वाळल्या. खालचा लोणा फुटलेला पट्टा खरवडून, चुन्याचा एक हात देऊन, वर गेरू. या वेळी डिंकाऐवजी दुधाचा, कपाटामागेही तोच. जुन्या आणि नव्या लालात किंचित फरक दिसतो, कारण गेरूची ढेकळं दुसऱ्या खेपेची होती. एका घराला लागेल तेवढा गेरू एकदमच घ्यावा आणि सगळा एकत्र वाटून मग वापरावा.

उरलेला गेरू ढेकळांच्या रूपात कोरड्या डब्यात आहे. स्वयंपाकघर राहिलं आहे. चुलीच्या धुराने आणि फोडणीच्या तेलाने तिथली भिंत चिकट झालीय, तिला आधी राखेच्या पाण्याने धुऊन पाहणार, मग चुना. काम थंडीत काढू, चुना वाळायला तो काळ चांगला.